अस्थिभंगानंतरची सावधगिरी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन मुलूख मानण्याचा प्रघात आहे, आणि हाड मोडण्याचे प्रकारही या दोन मुलखांत थोडे निराळे आढळतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा व खामगाव या गावांवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-कलकत्ता हमरस्त्यावर मोटारसायकलींचे अपघात नित्याचे झाले आहेत. घाटावर मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतून 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झालेला समृद्धी महामार्ग गेल्यामुळे अतिवेगाच्या टकरीत मांडीचे किंवा कमरेच्या कड्याचे हाड मोडलेले रुग्ण आता तिकडेही येतात. आणि सोयाबीनच्या मळणीत यंत्रात हात सापडलेले मजूर, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला अस्वलाने झडप घातलेले गुराखी, ओल्या मोरीत घसरलेल्या म्हाताऱ्या व सुटीत झाडावरून पडलेली मुले ही तर दोन्हीकडे सारखीच. या सर्वांचे आप्त दवाखान्यात पाऊल टाकताच एकच प्रश्न विचारतात, की हाड जुळेल ना? प्रश्न रास्त आहे, परंतु तो पहिला नव्हे. हाड जुळवून घेण्याचे काम निसर्ग बहुधा निष्ठेने करतो. खरा धोका संभवतो तो त्या हाडाभोवतीच्या स्नायूंना व रक्तवाहिन्यांना, फुप्फुसांना, मूत्रपिंडांना, आणि कित्येक प्रसंगी प्रत्यक्ष जीविताला.

या धोक्यांपैकी पुष्कळांची वर्दी रुग्णाचे शरीर वेळेवर देत असते. ती ऐकली जात नाही याचे कारण आपल्या समाजाने सहनशीलतेला दिलेले महत्त्व होय. "हाड मोडलंय, दुखणारच, सोस थोडं," हे वाक्य आई लेकराला सांगते, सासू सुनेला सांगते, आणि बैलाची लाथ खाल्लेला शेतकरी स्वतःच स्वतःला सांगतो. माझ्या मते अस्थिभंगाच्या रुग्णाशी बोलण्याजोगे याहून घातक वाक्य नाही, आणि ते तसे का आहे हे विस्ताराने सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या हातापायांतील स्नायू हे चिवट, न ताणणाऱ्या आवरणांनी बनलेल्या बंद कप्प्यांत बसविलेले असतात. नडगीचे किंवा कोपराजवळचे हाड मोडले म्हणजे आत रक्तस्राव होतो, सूज चढते, आणि आवरण ताणत नसल्यामुळे कप्प्यातील दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या मिटून जातात. या अवस्थेस डॉक्टर कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. रक्तावाचून स्नायू साधारणतः सहा तासांच्या आसपास मरू लागतात, आणि एकदा मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. त्याची जागा आखडणारा, दोरीसारखा तंतू घेतो. रिचर्ड फॉन फोल्कमन या जर्मन शल्यवैद्याने 1881 साली घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनंतर हात असा कायमचा वाकडा व निकामी होतो हे वर्णन करून ठेवले, आणि आजही ती विकृती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पंजा मनगटात वाकलेला, बोटे तळव्याकडे दुमडलेली, आणि ती सरळ करू जावे तर मनगट अधिकच वाकावे, असा हात घेऊन जन्म काढणारी माणसे आपल्या खेड्यांत अद्याप दिसतात. आणि त्यांतील बहुतेकांचा इतिहास विचारला तर लहानपणी कोपर मोडले, गावातच बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधले, मूल रात्रभर रडले आणि सकाळी गप्प झाले, एवढाच निघतो. ते गप्प झाले ते बरे वाटले म्हणून नव्हे. तोवर मज्जातंतूही बधिर झाले होते म्हणून.

तेव्हा ध्यानात ठेवण्याची लक्षणे अशी. प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यानंतर वेदना कमी व्हावयास हवी; ती उलट तासागणिक वाढत असेल, औषधानेही हटत नसेल, आणि रुग्णाची बोटे दुसऱ्या कोणी हळूच सरळ केली असता तो किंचाळत असेल, तर तेवढ्यावरूनच संशय पक्का धरावा. बोटांना मुंग्या येणे, ती बधिर, थंड, पांढरी किंवा निळसर पडणे, ती हलविता न येणे ही पुढची लक्षणे आहेत आणि त्यांची वाट पाहत बसू नये. येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अगत्याचे आहे: मनगटाची किंवा पावलाची नाडी लागते म्हणजे रक्त पोहोचत आहे असे घरातील जाणती माणसे मानतात, पण मोठ्या रोहिणीतील नाडी शेवटपर्यंत लागत राहते आणि तेवढ्या वेळात आतले स्नायू नष्ट होत असतात. अशा वेळी रात्र असो वा सण, गावठी पट्टी असेल तर ती तत्काळ पूर्ण सोडावी, अवयव छातीच्या पातळीत ठेवावा, फार उंच टांगू नये, आणि थेट दवाखाना गाठावा. प्लास्टर असेल तर ते लांबीने चिरून खालच्या कापसासकट मोकळे करणे हा डॉक्टरांचा पहिला इलाज असतो, आणि त्यानेही न भागल्यास कप्प्याचे आवरण शस्त्राने उघडावे लागते. ताज्या अस्थिभंगाला डॉक्टर प्रथम 'कच्चे प्लास्टर' का घालतात, याचे उत्तरही यातच आहे: सूज चढावयास जागा राहावी म्हणून. "कच्चं नको, एकदाच पक्कं करून टाका, पुन्हा यायला जमायचं नाही," असा आग्रह आप्तांनी धरू नये. पहिल्या दिवसानंतर दाखवावयास बोलाविले असता जाण्याची हयगयही करू नये.

हाड मोडून कातडी फाटली असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो, मग जखम तांदळाएवढी का असेना. भंगलेल्या हाडाला बाहेरच्या हवेशी व मातीशी वाट मिळाली की जंतूंना आत शिरण्याची मुभा मिळते, आणि हाडात मुरलेला पू वर्षानुवर्षे वाहत राहतो. दीडशे वर्षांपूर्वी अशा रुग्णाचा पाय कापणे हाच मुख्य उपचार होता. 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगो येथील इस्पितळात गाडीचे चाक पायावरून गेल्याने नडगीचे हाड मोडून जखम झालेला अकरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. जोसेफ लिस्टर यांनी त्याच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडात भिजविलेली पट्टी ठेवली, आणि सुमारे सहा आठवड्यांनी पू न होता हाड जुळून तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. जंतुरहित शल्यक्रियेचा इतिहास ज्या अपघातापासून सुरू झाला तो आपल्या शिवारात कोणत्याही बाजाराच्या दिवशी घडू शकेल असा आहे, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. आज आपल्याला कार्बोलिक ॲसिड शोधण्याचे कारण नाही. जखमेवर स्वच्छ धुतलेले कापड ठेवून हलक्या हाताने बांधावे, बाहेर आलेले हाड आत ढकलू नये, आणि हळद, चहापत्ती, चुना, शेण किंवा राख यांपैकी काहीही लावू नये. जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन जितके लवकर, शक्यतो पहिल्या तासाभरात, मिळेल तितका हाडात पू होण्याचा संभव घटतो. म्हणून जखम लहान आहे या समजुतीने सकाळवर ढकलणे हे पदरचे पाऊल गमावण्यासारखे आहे. धनुर्वाताची लसही त्याच भेटीत घ्यावी. धनुर्वात केवळ गंजलेल्या लोखंडाने होतो हा समज चुकीचा असून त्याचे जंतू शेणखताच्या मातीत सदैव असतात. मागची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर मळक्या जखमेनंतर ती पुन्हा घ्यावी लागते. अस्वलाने किंवा कुत्र्याने केलेली जखम असेल तर पिसाळरोगाच्या लसीचेही स्मरण डॉक्टरांना स्वतःहून द्यावे.

आता प्रवासाविषयी. आपल्या जिल्ह्यात हा विषय उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून खामगाव किंवा अकोला, आणि लोणारच्या बाजूने बुलढाणा किंवा जालना गाठेपर्यंत बराच वेळ जातो, आणि त्या वेळात मोडलेले हाड प्रत्येक खड्ड्यागणिक आतल्या मांसात फिरत असते. एकट्या मांडीच्या हाडाच्या भंगात लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. बाहेर एक थेंब न दिसता माणूस फिकट पडतो, घामाने थबथबतो आणि शुद्ध हरपतो. कमरेच्या कड्याचे हाड मोडले तर त्याहूनही अधिक रक्त जाते. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांचे मृत्यूचे प्रमाण आरंभी सुमारे 80 टक्के होते, आणि जागेवरच 'थॉमस स्प्लिंट' नावाची लोखंडी पट्टी लावून मग त्यांना हलविण्याचा प्रघात पडल्यावर ते 20 टक्क्यांच्या आसपास उतरल्याची नोंद आहे. येथे कोणतेही नवे औषध कारणीभूत नव्हते. पाय न हलू देणे हाच मुख्य फरक होता. ही पट्टी आपल्याजवळ नसते, पण बांबूच्या कामट्या, तुराट्यांची जुडी, छत्री, काठी, घडी घातलेले जाड वर्तमानपत्र यांपैकी काही ना काही प्रत्येक शेतात मिळते. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे न हलतील अशा बेताने, मध्ये मऊ कापड घालून, धोतराच्या किंवा लुगड्याच्या पट्ट्यांनी ते बांधावे. गाठ भंगाच्या जागेवर येऊ देऊ नये. आणि काहीच न मिळाल्यास मोडलेला पाय चांगल्या पायाशी बांधून टाकावा. बांधण्यापूर्वी बोटांतील अंगठ्या, जोडवी, हातातील बांगड्या व कडी उतरवावीत, कारण सूज चढल्यावर तीच फासाप्रमाणे रुततात. रुग्णास दोन माणसांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेण्याची जी रीत पडली आहे ती मान, पाठ, कंबर व मांडी यांच्या बाबतीत सर्वथा त्याज्य होय. 108 या क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात 2014 पासून विनामूल्य उपलब्ध आहे. तिची वाट पाहण्यात जाणारा वेळ पुष्कळदा प्रवासातील इजेपेक्षा स्वस्त पडतो.

मांडीसारखे मोठे हाड मोडल्यानंतर पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत आणखी एका संकटाची चाहूल घेत राहावे लागते. हाडातील मज्जेच्या चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसांत व मेंदूत अडकतात. काल सायंकाळी नीट बोलणारा तरुण आज असंबद्ध बडबडू लागतो, त्याला धाप लागते, ताप येतो, आणि कधी छातीवर, काखेत व डोळ्यांच्या पापण्यांच्या आतल्या बाजूवर बारीक लाल ठिपके उठतात. बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावण्यात किंवा रात्री झोप झाली नाही म्हणून दुर्लक्ष करण्यात येथे वेळ घालवू नये. त्या घटकेला रुग्णाला प्राणवायूची आणि अतिदक्षता विभागाची गरज असते.

पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत, क्वचित त्यानंतरही, न हललेल्या पायाच्या शिरांत रक्ताची गाठ बनण्याचा काळ येतो. पोटरी सुजून कडक व दुखरी होते. आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर अकस्मात छातीत कळ येऊन श्वास कोंडतो. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने किंवा गोळ्या दिल्या असतील तर पैसे वाचविण्यासाठी त्या मध्येच बंद करू नयेत, पाणी भरपूर प्यावे, आणि प्लास्टरबाहेर असलेले प्रत्येक बोट व प्रत्येक सांधा तासातासाला हलवावा. सुजलेली पोटरी तेल लावून रगडण्याचा मोह घरच्यांनी कटाक्षाने टाळावा.

मूत्रपिंडाविषयी मी येथे थोडे अधिक लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्याचा तो खास प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव व नांदुरा या बाजूच्या पुष्कळ गावांत, मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेल्या कुटुंबांची दुःखे सर्वश्रुत आहेत. अशा माणसाचे हाड मोडले आणि त्याने किराणा दुकानातून किंवा औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, तर आधीच क्षीण झालेली मूत्रपिंडे त्या गोळ्यांनी साफ निकामी होऊ शकतात. म्हणून या पट्ट्यातील रुग्णाने डॉक्टरांना आपले गाव व पाण्याचा स्रोत सांगावा, रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे, आणि कोणती गोळी किती दिवस हे लिहून घ्यावे. दुसरा प्रसंग ट्रॉलीखाली किंवा पडलेल्या भिंतीखाली तासन्‌तास दबलेल्या अवयवाचा. 1941 साली लंडनवरील बाँबवर्षावाच्या काळात एरिक बायवॉटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की ढिगाऱ्यातून सुखरूप निघालेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून दगावतात, कारण चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरतात. तेव्हा दबलेल्या माणसाची लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी झाली, तर हाड मोडलेले असो वा नसो, त्याला त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वृद्धांचा खुबा मोडतो तेव्हा घरात जी चर्चा होते ती मला ठाऊक आहे: वय झाले, शस्त्रक्रिया कशाला, अंथरुणातच राहू द्या. यामागे प्रेमही असते आणि खर्चाची धास्तीही असते. परंतु अंथरूण हेच येथे सर्वांत मोठे संकट आहे. पडून राहिलेल्या वृद्धाच्या छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, कमरेवर व टाचांवर शय्याव्रण पडतात, लघवीत जंतू होतात, शिरांत गाठी बनतात. खुब्याच्या भंगानंतर एका वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण अनेक देशांच्या अभ्यासांत 20 ते 30 टक्क्यांपर्यंत आढळले आहे. प्रकृती साथ देत असेल तर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून रुग्णाला बसविणे व उभे करणे हेच त्याला वाचविण्याचे साधन होय. जेथे शस्त्रक्रिया खरोखरच शक्य नाही तेथे दर दोन तासांनी कूस बदलावी, पाठ कोरडी ठेवावी आणि दीर्घ श्वास घ्यावयास लावावे. खर्चाविषयी म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबास दर वर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राची भेट घ्यावी, शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर न्यावे, आणि कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत रुग्ण घरी ठेवू नये.

महिन्यांच्या हिशेबात येणाऱ्या तक्रारींत हाड न जुळणे ही प्रमुख. हाताचे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत आणि पायाचे तीन ते चार महिन्यांत जुळू लागते. नडगी, मनगटातील एक लहानसे हाड व मांडीच्या हाडाची मान ही जात्याच कमी रक्ताची असल्याने उशीर लावतात. या उशिरात विडी-तंबाखू फार मोठी भर घालते, आणि मधुमेह असेल तर आणखी. प्लास्टरच्या मुदतीत तंबाखू सोडणे हे कोणत्याही महागड्या शक्तिवर्धकापेक्षा गुणकारी आहे. आंबट खाल्ल्याने पू होतो हा समज सोडून द्यावा. लिंबू, आवळा, वरण, शेंगदाणे, दूध, अंडी हे सर्व जुळणाऱ्या हाडाला हवे असते, आणि या काळात कडक उपवास करू नयेत. रॉड किंवा प्लेट टाकलेल्या जागेतून महिन्यांनंतरही पाणी झिरपू लागले, किंवा विनाकारण ताप येऊ लागला, तर मलम लावीत न बसता ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच दाखवावे. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्म फेकू नयेत.

दोन गोष्टी स्त्रिया व मुले यांच्याविषयी. मनगट मोडलेल्या स्त्रिया हात गळ्यात बांधून दीड महिना जराही हलवीत नाहीत, आणि प्लास्टर निघाल्यावर बोटे सुजलेली, तकतकीत, आगीसारखी जळणारी व खांदा धरलेला आढळतो. हॅम्बर्गचे पाउल सुडेक यांनी 1900 साली वर्णिलेली ही अवस्था पहिल्या दिवसापासून बोटे, कोपर व खांदा हलवीत राहिल्याने पुष्कळ अंशी टाळता येते. मुलांच्या कोपराला मात्र मालिश ही आपत्ती आहे. दुखावलेल्या कोपराला रगडल्याने त्याच्या स्नायूंतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा जागच्या जागी गोठतो. तो हळूहळू मुलाने स्वतःच हलवावयाचा असतो.

शेवटी एक विनंती आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांना करावयाची आहे. लोकांचा आपणांवर विश्वास आहे, अपघातानंतर रुग्ण पुष्कळदा आपल्या ओट्यावर प्रथम येतो, आणि म्हणूनच कित्येकांचे हात वाचविणे आपल्या हाती आहे. लहान मुलाचे कोपर, कातडी फाटलेला भंग, आणि मांडी, खुबा, मान वा पाठ यांपैकी कोणताही भंग आपल्याकडे ठेवून घेऊ नका. कामटीचा हलका आधार द्या, आवळू नका, आणि रुग्णास त्याच दिवशी बुलढाणा, खामगाव किंवा अकोला येथे रवाना करा.